वेढ्यातले गोवे जागेवर जाऊन कसे अभ्यासावे

गोव्यातला वेढा समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात तटबंदीपासून करू नये, पाण्यापासून करावी. स्थानिक इतिहासाचा प्रकल्प हाती घेतलेले शिक्षक, महाविद्यालयातले विद्यार्थी आणि सुट्टीच्या दिवशी जुने गोवे पाहायला निघालेली चौकस माणसे यांच्यासाठी ही मांडणी आहे. आपल्याकडे वेढ्याची हकिकत सांगताना तोफा आणि तलवारी यांवरच भर पडतो, आणि तटाआड महिनोन्‌महिने काय शिजत होते, पाणी कोण आणत होते, पगार थकलेला शिपाई कोणाच्या पंक्तीला जेवत होता, हे विचारायचे राहून जाते. हे प्रश्न घेऊन बाहेर पडलात, तर एका दिवसाच्या भटकंतीत पुष्कळ काही हाती लागते.

प्रथम तिसवाडीचा नकाशा समोर घ्यावा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी, अशी ही चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन आहे, आणि जुने गोवे शहर तिच्या उत्तर काठावर, मांडवीला लागून वसलेले होते. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला खाडी किंवा नदी ओलांडल्यावाचून शहर गाठता येत नसे. त्यामुळे शहराचा खरा तट म्हणजे पाणी, आणि त्या तटाचे दरवाजे म्हणजे उतार, जिथे ओहोटीला माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो अशा जागा. बाणस्तारी, गवंडाळी, आगशी ही नावे प्रत्येक वेढ्याच्या वृत्तान्तात पुन्हा पुन्हा येतात, त्याचे कारण एवढेच. नकाशावर या जागांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढावीत, आणि दिवाडी, चोडण, जुवे ही बेटे वेगळ्या रंगाने रंगवावीत, कारण शहरावर चालून येणाऱ्या फौजेची पहिली पायरी बहुधा यांतलेच एखादे बेट असे.

कोणता वेढा निवडावा

सगळे वेढे एकत्र घेऊन बसू नये. एक निवडावा आणि बाकीचे तुलनेसाठी हाताशी ठेवावेत.

१५१० चा प्रसंग अभ्यासाला सर्वांत सोपा, कारण त्यात भूक उघड दिसते. आफोन्सो द आल्बुकर्कने त्या वर्षाच्या सुरुवातीला शहर घेतले, पण मे महिन्यात आदिलशाही फौजेने ते परत मिळवले आणि फिरंगी गलबतांवर पळाले. तोवर पावसाळा तोंडावर आला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, आणि पावसाळी समुद्र खवळला की तिथून शिडाच्या जहाजाला बाहेर पडता येत नाही. परिणाम असा झाला, की ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपूर्ण आरमार नदीतच अडकून पडले. पुढे समुद्र बंद आणि दोन्ही काठांवर शत्रू. पणजीचा आदिलशहाचा वाडा, ज्याला आज आपण जुने सचिवालय म्हणतो, तिथल्या तोफा या जहाजांवर मारा करत होत्या, आणि जूनमध्ये आल्बुकर्कला त्या गप्प करण्यासाठी रात्रीचा छापा घालावा लागला. पोर्तुगीज बखरकार लिहितात, की जहाजांवर लोकांनी उंदीर खाल्ले आणि पेट्यांवरचे कातडे उकळून खाल्ले. आदिलशाही पक्षाकडून अन्न पाठवण्याची तयारी दाखवली गेली, तेव्हा आल्बुकर्कने उरलेसुरले मद्य आणि बिस्किटे निरोप्यांच्या नजरेस पडतील अशी मांडून ठेवली आणि आपल्याला काही कमी नाही असे भासवले, हीही हकिकत त्यांचीच. ती मला खरी वाटते, कारण वेढ्यात भुकेइतकीच भुकेची बातमीही घातक असते. पुढे २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, त्याने शहर पुन्हा घेतले. जुन्या गोव्यातले तिच्या नावाचे छोटे चॅपेल त्याचीच आठवण आहे.

१५७०-७१ चा वेढा मोठा आणि संथ आहे. अली आदिलशहाने १५७० च्या डिसेंबरअखेर खाडीच्या पूर्वेला छावणी टाकली, आणि त्याच सुमारास मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. विजरई, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा गोव्यातला प्रतिनिधी, लुईस द आताईद याच्याकडे आदिलशाही फौजेच्या मानाने माणसे अगदी थोडी होती, इतकी की पाद्री आणि गुलाम यांनाही पहाऱ्यावर उभे करावे लागले. तरीही त्याने चौल सोडून द्यायला नकार दिला आणि व्यापारी जहाजेही नेहमीप्रमाणे रवाना केली. आठ महिने उतारांवर पहारे, खाडीत होड्यांची गस्त आणि काठाकाठाने तोफांचा मारा असे चालले. शेवटी पावसाळ्यात आदिलशहाला माघार घ्यावी लागली आणि १५७१ संपण्यापूर्वी तह झाला. या वेढ्याचा अभ्यास करताना आतल्या माणसांइतकेच बाहेरच्या छावणीकडेही लक्ष द्यावे. जून-जुलैच्या पावसात चिखलात तंबू ठोकून राहणाऱ्या शिपायाला घाटावरून येणारे धान्य आणि जनावरांचा चारा किती अनियमितपणे मिळत असेल, याची कल्पना चोर्ला घाट पावसात चढलेल्या कोणालाही करता येईल.

मराठी वाचकाला जवळचा वाटतो तो १६८३ चा प्रसंग, आणि शिकवायला तोच उत्तम, कारण त्यात वेढा घालणारा महिनाभरात स्वतःच वेढला जातो. विजरई फ्रान्सिस्को द ताव्होरा, म्हणजे आल्वोरचा काउंट, याने ऑक्टोबरअखेर फोंड्यावर चाल केली. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. तटाला खिंडार पडूनही किल्ला टिकला, संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन आले, आणि विजरईला वेढा उठवून परतावे लागले. नोव्हेंबर संपण्याच्या आत मराठ्यांनी जुवे बेट घेतले, आणि डिसेंबरात सासष्टी व बारदेशात फौजा शिरल्या. औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज घाट उतरून येत असल्याचे कळल्यावर महाराजांना निघावे लागले, म्हणून शहर वाचले.

१७३९ ची सासष्टीतली मराठ्यांची मोहीम आणि राचोलचा वेढा तुलनेसाठी ठेवावा. पहिल्याच वेळी तो हाती घेऊ नये, कारण त्यात वसईच्या मोहिमेचा धागा सोडवत बसावे लागते.

दिवस आणि वेळ कशी ठरवावी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. मी हे शहाणपण फजिती होऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी बाणस्तारीला उतार दाखवायला गेलो, आणि तिथे काठोकाठ भरलेले पाणी पाहून मुले माझ्याकडे पाहू लागली. दुपारचे बारा वाजत आले होते आणि दिवस अमावास्येचा होता. काठावर जाळे सोडवत बसलेला म्हातारा न विचारता म्हणाला, ‘मास्तर, सुकती आता सांजेची. सहाच्या आधी काय दिसायचे नाही.’ पुस्तकातला उतार मला तोंडपाठ होता. पंचांग मात्र मी उघडले नव्हते.

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी, की चालू पक्षातल्या तिथीचा आकडा पाऊणपट करावा. येईल तो भरतीचा तास. अमावास्या किंवा पौर्णिमा असेल तर पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. नदीत जसजसे आत जावे तसतशी ही वेळ मागे पडते, म्हणून थोडी सवलत धरावी. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक मिळते, ते अधिक अचूक. पण पाऊणपटीची रीत मुलांना शिकवावी, कारण सोळाव्या-सतराव्या शतकातला पहारेकरी कोष्टक पाहून नव्हे, चंद्र पाहून सावध होत असे.

आता हीच रीत १६८३ ला लावून पाहा. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून उतार ओलांडला आणि जुव्याचा किल्ला घेतला. चंद्राचे गणित मागे नेले, तर ती रात्र शुद्ध षष्ठीच्या आसपासची येते. सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो. षष्ठी-सप्तमीला भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस जवळ आलेले असतात, तेव्हा पाणी उधाणाच्या ओहोटीइतके खोल उतरत नाही. पण उथळ पाणी आणि काळोख हे दोन्ही त्या रात्री लागोपाठ मिळत होते. ही वेळ निवडणाऱ्याला स्थानिक पाण्याची माहिती होती, किंवा माहिती असलेला माणूस त्याच्याबरोबर होता, असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी विजरई बेट परत घ्यायला गेला, त्याचा पराभव झाला आणि जखमी होऊन तो कसाबसा परतला. संभाजी महाराजांनी पाठलागात घोडा पाण्यात घातला, तो भरतीत पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. तीही पाण्याच्या वेळेशी ताडून पाहण्यासारखी आहे.

फिरण्याचा क्रम

ओहोटीची वेळ मध्याला ठेवून दिवस आखावा. सकाळी फोंड्याकडून निघून बाणस्तारीचा पूल गाठावा, तिथे थांबून खाडीची रुंदी डोळ्यांनी मोजावी, आणि मग जुव्याकडे वळावे. जुव्याच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून जुने गोवे किती जवळ आहे हे पाहिले, की शहरात त्या रात्री काय धास्ती पसरली असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. पाण्यात मात्र कोणालाही उतरू देऊ नये. कुंभारजुव्याच्या खाडीत आजही मगरी आहेत, आणि आदिलशाहीच्या काळात त्या पहाऱ्यासाठी मुद्दाम पाळल्या होत्या अशी कथाही सांगितली जाते.

वाटेत खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, शेतांपाशी अर्धा तास तरी काढावा आणि एखादी मानस जवळून पाहावी. बांधाच्या पोटात बसवलेली ही लाकडी झडपांची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, त्यामुळे खारे पाणी आत येत नाही आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. मुलांना झडपेवर हात ठेवून तो दाब जाणवू द्यावा. मग विचारावे, की फौजेने हा बांध फोडला तर काय होईल. खारे पाणी एकदा शेतात शिरले, की मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात. म्हणजे वेढा उठला तरी गावाचा वेढा उठत नाही. गावकऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळेच बांध राखणे हे गावकीचे पहिले काम मानले जाई.

जुन्या गोव्यात शिरल्यावर चर्चच्या भव्यतेत वेळ घालवू नये. तो दिवस वेगळा ठेवावा. विजरईच्या कमानीपासून नदीकाठाने थोडे चालावे, सेंट कायतानच्या आवारात उरलेली आदिलशहाच्या वाड्याची चौकट पाहावी, आणि मग अवर लेडी ऑफ द माऊंट चॅपेलच्या टेकडीवर चढून नदी, बेटे आणि पलीकडचे डोंगर एका नजरेत घ्यावेत. बॉम जेझू चर्चमध्ये एका गोष्टीसाठी अवश्य थांबावे. जुवे पडल्यानंतर विजरईने सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड संताच्या हातात ठेवला आणि शहर त्यांच्या हवाली केले. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना हसण्याची पद्धत आहे. मला ते योग्य वाटत नाही. शहराचा सर्वोच्च अधिकारी आपल्या पदाची खूण लोकांदेखत दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा त्याच्याजवळ माणसे, पैसा आणि उपाय सगळेच संपत आले आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कागदावर मिळायचा नाही. वेढा टळल्यावर याच विजरईने राजधानी मुरगावला हलवण्याचा निर्णय घेतला, यावरून ती भीती उतरली नव्हती हे दिसते.

तांदूळ, पाणी आणि पगार

परत आल्यावर पहिले काम तांदळाच्या हिशेबाचे. तिसवाडीत पिकणारे भात शहराला पुरत नसे. होन्नावर, बसरूर, मंगळूर या कानडी किनाऱ्यावरून तांदूळ जहाजांच्या तांड्याने यायचा. विद्यार्थ्यांना एक काल्पनिक आकडा द्यावा, समजा दहा हजार माणसे, आणि दर माणशी रोज अर्धा किलो तांदूळ. रोजचे पाच हजार किलो, म्हणजे पन्नास क्विंटल, महिन्याचे पंधराशे क्विंटल. आता जून ते सप्टेंबर मुख बंद असताना हा तांदूळ कुठे साठवायचा, उंदीर आणि बुरशी यांपासून कसा राखायचा, आणि भाव वाढल्यावर आधी कोणाच्या ताटातून तो कमी व्हायचा, हे त्यांनाच लिहू द्यावे. जुन्या मापांत करायचे असेल, तर वीस कुडवांची एक खंडी धरावी आणि घरच्या आजीला कुडव किती मोठा असे ते विचारावे.

मुख उघडल्यावर सुटका होतेच असे नाही. सतराव्या शतकात डच आरमाराने, विशेषतः १६३६ ते १६४४ या काळात, पावसाळा संपताच मांडवीच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करायची आणि पुढच्या पावसाळ्याआधी निघून जायचे असा क्रम धरला होता. उन्हाळ्यात डच आणि पावसाळ्यात दर्या, अशी शहराची दोन्हीकडून कोंडी व्हायची.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात मांडवीचे पाणी फार वरपर्यंत खारट असते. शहरात विहिरी होत्या, पण पिण्यासाठी बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी नावाजलेले होते, आणि गुलाम ते घड्यांतून आणून शहरात विकत, असे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रवाशांनी लिहिले आहे. वेढ्यात सर्वांत आधी वाढलेली फेरी या पाणक्याची असणार, आणि त्याचे नाव कोणत्याही कागदात नाही.

शिपाई म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चिलखत येते. पोर्तुगालहून आलेला साधा शिपाई पावसाळ्यात बेकार असे, पगार वेळेवर मिळत नसे, आणि तो एखाद्या सरदाराच्या घरी पंक्तीला बसून दिवस काढी. अशा माणसाने बाजू बदलली तर नवल नाही. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला आदिलशाही सरदार रसूलखानाने सोडला, तेव्हा त्याच्याकडे गेलेले पोर्तुगीज फितूर आल्बुकर्कच्या हाती आले. जीव घ्यायचा नाही असे वचन दिलेले असल्यामुळे त्याने त्यांची नाके-कान कापले आणि हात तोडले. त्यांतला फेर्नांव लोपिश नावाचा शिपाई पुढे मायदेशी जाताना सेंट हेलेना बेटावर उतरला आणि तिथला पहिला रहिवासी म्हणून एकटा राहिला. वर्गात ही एक हकिकत सांगितली, तर निष्ठा आणि भूक यांच्यावर तासभर चर्चा होते.

कागद आणि माणसे

कागदपत्रांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात जावे. हे दफ्तर १५९५ पासूनचे, आणि त्याला आजचे शिस्तबद्ध रूप देण्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांचा वाटा मोठा आहे. पोर्तुगीज येत नसेल तरी निराश होऊ नये. पिसुर्लेकरांनी राज्य सल्लागार मंडळाच्या बैठकांचे ठराव छापून ठेवले आहेत, आणि त्यांतले दिनांक, गावांची नावे व रकमा लिपी ओळखणाऱ्या कोणालाही वेचता येतात. पैसे कुठून उभे करायचे, धान्य कोणाकडून घ्यायचे, पहाऱ्यावर कोणाला उभे करायचे, असल्या व्यवहारी तक्रारींनी ते भरलेले आहेत, आणि वेढ्याचे रोजचे जगणे तिथेच सापडते. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठी साहित्य चांगले आहे.

माणसांशी बोलताना ‘संभाजी महाराज इथे आले होते का’ असा प्रश्न विचारू नये. समोरचा आपल्याला आवडेल तेच सांगतो. ‘पूर्वी पलीकडे चालत कुठून जायचे’, ‘दुष्काळात काय खायचे’, ‘बांध कोण बांधायचे’ असे विचारावे. जुव्यात आणि दिवाडीत हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांत जावे, कारण एकाच स्वारीची आठवण एका घरी सुटकेची असते आणि दुसऱ्या घरी पळापळीची. फोंड्याच्या तटात उभा असलेला मावळा आणि जुव्यात घर सोडून होडीत बसलेली बाई, दोघांनाही त्या महिन्यात झोप लागली नव्हती, आणि प्रकल्पात दोघांना सारखी पाने मिळाली पाहिजेत.

लिहिताना आकड्यांबाबत कडक राहावे. बखरीतले ‘लाखाचे सैन्य’ हा शत्रूची दहशत सांगण्याचा मार्ग असतो. तो आकडा कोणाचा, हे वाक्यातच नोंदवावे. तारीख, तिथी आणि ओहोटीची वेळ एकाखाली एक लिहावी. मजकूर पुरा झाला, की छापण्याआधी तो खाडीकाठच्या एखाद्या पागी, म्हणजे जाळ्याने मासे धरणाऱ्या, माणसाला वाचून दाखवावा. पाण्याची वेळ चुकली असेल, तर तो पहिल्या पानावरच थांबवील.